विम्बल्डनला पहिल्यांदा जाताना: रांग, तंबू आणि ग्राउंड्स पास

विम्बल्डनला जायचं म्हटलं की आधी तिकिटाचा विषय निघतो आणि बेत तिथेच बारगळतो. सोडतीत नाव लागलं नाही, पुनर्विक्रीच्या साइटवरचे आकडे बघून डोळे पांढरे झाले, म्हणजे यंदाही टीव्हीच. मी चार उन्हाळे असेच घालवले. पाचव्या वर्षी एका मैत्रिणीने सहज विचारलं, "अरे, पण तू रांगेत का उभा राहत नाहीस?" मला वाटलं, ती थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. ऐन खेळाच्या दिवशी, मूळ किमतीत, अगदी सेंटर कोर्टचंसुद्धा तिकीट रांगेतल्या माणसाला विकणाऱ्या मोठ्या स्पर्धा आता फार थोड्या उरल्यात. विम्बल्डन त्यांतली एक. म्हणून या सहलीचं गणित उलटं मांडायचं: तिकीट मिळालं की तारखा ठरवू, असं म्हणत बसायचं नाही. तारखा आधी पक्क्या करायच्या, त्यात रांगेसाठी दोन दिवस मोकळे ठेवायचे आणि सोडतीत काही लागलंच तर ते वरकड समजायचं.

आधी तारखा

स्पर्धा दोन आठवडे चालते, जूनअखेरच्या किंवा जुलैच्या पहिल्या सोमवारी सुरू होते. 2025 साली ती 30 जून ते 13 जुलै अशी होती, 2026 साठी 29 जून ते 12 जुलै या तारखा आहेत. नवख्या माणसाला साहजिकच वाटतं की शेवटचा आठवडा गाठावा, उपांत्य सामने, फायनल वगैरे. माझा सल्ला बरोबर उलटा आहे. पहिला आठवडा गाठा, त्यातही सोमवार ते गुरुवार.

कारण सोपं आहे. एकेरीत पुरुषांमध्ये 128 आणि महिलांमध्ये 128 खेळाडू असतात. म्हणजे पहिल्या फेरीचे एकूण 128 सामने, आणि ते सगळे सोमवार-मंगळवारी उरकायचे असतात. स्पर्धेच्या 18 कोर्टांवर सकाळी 11 पासून अंधार पडेपर्यंत खेळ चालू असतो, आणि त्या दिवसांत लंडनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. (कोर्टांचे नंबरही 18 पर्यंतच जातात, पण 13 नंबरचं कोर्ट नाही. सेंटर कोर्टला नंबर नसल्यामुळे हिशेब जुळतो.) दुसऱ्या आठवड्यात मोठे सामने दोन-तीन कोर्टांवर गोळा होतात. बाहेरच्या कोर्टांवर ज्युनियर, व्हीलचेअर आणि दुहेरीचे सामने असतात. तेही छानच असतात, पण टीव्हीवर पाहिलेले चेहरे हाताच्या अंतरावर बघायचे असतील तर पहिला आठवडा. शिवाय शेवटच्या चार दिवसांत सेंटर कोर्टची तिकिटं रांगेत विकतच नाहीत.

आवडता खेळाडू नेमका कधी खेळणार, हे तारखा ठरवताना कळणं शक्य नाही. ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, निघतो स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी. तो निघाला की आपला माणूस वरच्या अर्ध्यात आहे की खालच्या, ते बघून ठेवायचं, कारण एक अर्धा एका दिवशी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी खेळतो. म्हणजे तो सोमवारी खेळला आणि जिंकला, तर पुढचा सामना साधारण बुधवारी. एक गोष्ट मात्र आधीपासून ठाऊक असते: पहिल्या सोमवारी दुपारी दीड वाजता सेंटर कोर्टवर पहिला सामना गतविजेत्या पुरुष खेळाडूचा, आणि मंगळवारी गतविजेतीचा. कोणत्या कोर्टावर कोण, ही रोजची 'ऑर्डर ऑफ प्ले' आदल्या संध्याकाळी जाहीर होते. रांगेत तंबू ठोकून बसलेली मंडळी त्या वेळी एकदम फोनमध्ये डोकं घालतात, ते दृश्य बघण्यासारखं असतं.

म्हणून हातात चार-पाच दिवस ठेवा. रांगेचा एक दिवस, मध्ये एक दिवस झोपेला आणि शहराला, मग पुन्हा रांग. सलग दोन रात्री तंबूत काढायचा उत्साह बुकिंग करताना असतो, दुसऱ्या सकाळी नसतो.

सोडत भरून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका

सार्वजनिक सोडत 1924 पासून चालू आहे. आता ती ऑनलाइन भरायची असते, सहसा आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, आणि मुदत दोनेक आठवड्यांचीच असते. त्यासाठी मायविम्बल्डन नावाचं मोफत खातं काढावं लागतं. घरटी एकच अर्ज चालतो. नाव लागलं तर दिवस आणि कोर्ट तेच ठरवतात, आपल्याला निवड नाही. जास्तीत जास्त दोन तिकिटं मिळतात आणि ती दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. "माझ्याकडे सोडतीतलं तिकीट आहे, थोडं जास्त घेईन" म्हणणाऱ्याकडून घेतलेलं तिकीट दारात रद्द होऊ शकतं. कायदेशीरपणे हस्तांतर करता येतात ती फक्त डिबेंचरची तिकिटं. विम्बल्डनचा क्लब पाच-पाच वर्षांसाठी डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे, विकतो आणि त्या धारकांना रोजची जागा मिळते. ती ते उघडपणे विकू शकतात आणि विकतातही, पण त्या किमती आपल्या कामाच्या नाहीत.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. दरवर्षी कोणीतरी या गैरसमजात सापडतंच. प्रवासाच्या तारखेच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो, त्याआधी नाही, म्हणजे जूनअखेरीच्या प्रवासासाठी मार्चअखेरपासून. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, पण उन्हाळ्यात गर्दी असते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येच उरकलेलं बरं. 2025 साली सहा महिन्यांच्या व्हिसाची फी 127 पाउंड होती. अर्जासोबत सामन्याचं तिकीट जोडावं लागत नाही, आणि ते जोडलं म्हणून व्हिसा मिळेलच असंही नाही. ते बघतात नोकरी-व्यवसाय, बँकेचे व्यवहार आणि तुम्ही परत जाल का ते. विमानाचं तिकीट काढायचंच असेल तर तारीख बदलता येण्याजोगं काढा.

राहायचं कुठे

मैदान लंडनच्या नैर्ऋत्येला आहे, तिथे ट्यूबची, म्हणजे लंडनच्या मेट्रोची, डिस्ट्रिक्ट लाइन जाते. नकाशात 'विम्बल्डन' नावाचं स्टेशन दिसतं आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. मीही उतरलो. पाठीवर तंबू, हातात पिशवी, आणि समोर लांबलचक पायपीट. उतरायचं त्याच्या दोन स्टेशनं आधी, साउथफील्ड्सला. तिथून रांगेचं ठिकाण पंधरा मिनिटांवर आहे आणि वाट विचारायची गरज पडत नाही, माणसांच्या मागे चालायचं.

मी राहायला अर्ल्स कोर्ट सुचवीन. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाइन थेट तिथे येते, आणि डिस्ट्रिक्ट लाइनने तिथून सहावं स्टेशन साउथफील्ड्स. फक्त गाडीच्या पाटीवर 'विम्बल्डन' लिहिलंय ना ते बघून चढा, कारण अर्ल्स कोर्टनंतर लाइनला फाटे फुटतात आणि चुकीच्या गाडीने तुम्ही रिचमंड नाहीतर ईलिंगला पोचाल. पटनी किंवा साउथफील्ड्सच्या आसपास खोली मिळाली तर आणखी उत्तम, पण त्या पंधरवड्यात तिथले दर वाढलेले असतात.

आणखी एक अडचण वेळेची. डिस्ट्रिक्ट लाइन रात्रभर चालत नाही. पहाटे चारला रांगेत पोचायचं ठरवलं तर रात्रीची बस किंवा टॅक्सी शोधावी लागते. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी जाऊन तिथेच झोपणं मला सोपं वाटतं.

रांग

रांग लागते विम्बल्डन पार्कात, मैदानाच्या समोर. गेटातून आत गेलात की स्टुअर्ड रांगेचं शेपूट दाखवतात, आणि तिथे पोचल्यावर हातात एक क्यू कार्ड पडतं. त्यावर तारीख आणि तुमचा नंबर. हे कार्ड म्हणजे तुमची जागा. ते हरवायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. मित्रासाठी जागा धरता येत नाही, सामान ठेवून पसार होता येत नाही. शौचालयाला किंवा चहा आणायला थोडा वेळ जाणं चालतं.

नंबरचा अर्थ असा. सेंटर कोर्ट, नंबर वन आणि नंबर टू, या तिन्ही मोठ्या कोर्टांची रोज प्रत्येकी सुमारे 500 तिकिटं रांगेसाठी राखलेली असतात. माणशी एक तिकीट. म्हणजे ढोबळ हिशेबाने पहिल्या पाचशेत असाल तर सेंटर, हजाराच्या आत असाल तर निदान नंबर वन, आणि दीड हजाराच्या आत नंबर टू. त्यापुढे काही हजार ग्राउंड्स पास, म्हणजे मोठी तीन सोडून बाहेरच्या कोर्टांवर फिरायचे पास. हिशेब ढोबळ अशासाठी की पुढच्यांपैकी काहीजण मुद्दाम दुसरं कोर्ट किंवा नुसता ग्राउंड्स पास घेतात. पहिल्या वेळी माझ्या कार्डावर 1264 होता. संध्याकाळी सात वाजता आलो म्हणजे लवकर आलो, अशा समजुतीत होतो. मोठ्या नावांचा सामना असला की सेंटरचे पाचशे दुपारीच भरतात.

तंबू दोन माणसांपेक्षा मोठा चालत नाही. चूल, शेगडी, जाळ काहीही नाही. हिरवळीवर झेंडे लावून ओळी आखलेल्या असतात, त्यात तंबूला तंबू खेटून. शेजारी जे येतात त्यांच्याशी पुढचे पंधरा तास काढायचे असतात, त्यामुळे आधी नाव विचारून घ्या. माझ्या डावीकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचं हे अकरावं वर्ष. त्यांनी जमिनीवर अंथरायला जाड चटई, त्यावर स्लीपिंग बॅग, आणि बुटांसाठी वेगळी प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. बुटांची पिशवी मला विनोदी वाटली. पहाटे दवाने माझे बूट आतून चिंब झाले तेव्हा हसू गेलं. जुलै असला तरी रात्री गारठा पडतो, एक जाड स्वेटर हवाच.

पहाटे पाच-सहाच्या दरम्यान स्टुअर्ड तंबू हलवत उठवायला येतात. फार प्रेमाने उठवतात, पण उठवतात. तंबू उतरवायचा, गुंडाळायचा आणि पुढे सरकून दाटीने उभं राहायचं, कारण त्या दिवशी येणाऱ्यांना जागा करायची असते. सामान पार्कातल्या लेफ्ट लगेजमध्ये पैसे भरून ठेवायचं, तंबू घेऊन आत जाता येत नाही. मग सकाळी ज्यांचा नंबर मोठ्या कोर्टांत बसतो त्यांच्या मनगटाला त्या-त्या कोर्टाची पट्टी बांधतात. मी श्वास रोखून उभा होतो. स्टुअर्डने कार्ड बघितलं, मान डोलावली आणि नंबर टू कोर्टची पट्टी बांधली. शिक्षिकाबाईंचा नंबर माझ्या एक आधीचा. त्यांनी शांतपणे पट्टी नको म्हणून सांगितलं आणि ग्राउंड्स पास घेतला. तो का, ते मला दुपारी कळलं.

दहाला दारं उघडतात. पैसे कार्डाने द्यायचे असतात, म्हणून परदेशात चालणारं कार्ड आधी वापरून बघितलेलं असू द्या. मायविम्बल्डन खातं आणि विम्बल्डनचं अ‍ॅप घरून निघतानाच फोनमध्ये घालून ठेवा. आणि पॉवर बँक! रात्रभर तंबूत फोन चाळून सकाळी सात टक्के बॅटरी घेऊन दारात उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत.

रात्र काढायची नसेल तर? नुसता ग्राउंड्स पास हवा असेल तर पहिल्या गाडीने या. पहाटे सहाच्या आसपास आलात तर सहसा काम होतं. दहानंतर आरामात आलात तर आतलं कोणी बाहेर पडेल तेव्हाच आत, अशी स्थिती येऊ शकते आणि मग तासन्‌तास जातात. संध्याकाळी पाचनंतर ग्राउंड्स पास स्वस्तात मिळतो, तोही नवख्यांसाठी वाईट नाही: चार तासांचा उजेड उरलेला असतो.

पिशवी

माणशी एकच पिशवी, मापाने 40 × 30 × 30 सेंटिमीटरच्या आत. तपासणी कडक असते. खाणं घरून न्यायला पूर्ण मुभा आहे, आणि ती वापरा, कारण आत सगळं महाग. एक वाइनची बाटली किंवा बिअरचे दोन कॅनसुद्धा चालतात, याचं मला अजून नवल वाटतं. चालत नाही ते असं: अर्ध्या लिटरपेक्षा मोठा थर्मास, सेल्फी स्टिक, 300 मिलिमीटरहून लांब लेन्स. स्ट्रॉबेरी-क्रीम मात्र आतच खा. त्याचा दर 2010 पासून अडीच पाउंडांवर थिजला होता, तो 2025 साली वाढून 2.70 झाला आणि त्याची बातमी झाली.

टोपी आणि रेनकोट, दोन्ही घ्या. 2025 चा पहिला दिवस हा स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत उष्ण पहिला दिवस ठरला, पारा 32 अंशांच्या वर होता. त्याच मैदानावर दुसऱ्या वर्षी तुम्ही कुडकुडत बसाल. छत्री मिटवूनच ठेवावी लागते, मागच्यांना दिसत नाही.

आत गेल्यावर

ग्राउंड्स पास 2025 साली पहिल्या आठवड्यात 30 पाउंडांना होता. त्यात सेंटर, नंबर वन आणि नंबर टू सोडून बाहेरच्या कोर्टांवरच्या न राखलेल्या जागा मिळतात: जो आधी येईल तो बसेल. हेच शिक्षिकाबाईंचं गुपित. नंबर टूवर माझी खुर्ची पक्की होती, पण मी तिला जणू बांधलेला होतो. त्या मात्र 11 वाजता 18 नंबरच्या कोर्टावर दुसऱ्या ओळीत. सव्वाला 12 नंबरवर. चारला चौथ्या की पाचव्या कोर्टाच्या कडेला उभ्या, खेळाडूच्या बुटांचा गवतावरचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ.

त्या 18 नंबरच्या कोर्टात आठशे माणसंही बसत नाहीत. 2010 साली जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा 11 तास 5 मिनिटांचा, तीन दिवस चाललेला आणि शेवटच्या सेटमध्ये 70-68 वर संपलेला सामना तिथेच झाला. पहिल्या फेरीचा सामना. ज्यांनी तो पाहिला त्यांत ग्राउंड्स पासवाले भरपूर असणार.

काही व्यवहाराच्या गोष्टी. कोर्टावर आत-बाहेर करता येतं ते खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच, तोपर्यंत दोरीमागे थांबायचं. बाहेरच्या कोर्टावर चांगली जागा मिळाली की एकाने बसायचं आणि दुसऱ्याने खाणं आणायचं. एकटे असाल तर आधी खाऊन घ्या, उठलात की जागा गेली. मोठ्या पडद्यासमोरच्या हिरव्या टेकडीवर दुपारी तीननंतर पाय ठेवायला जागा नसते.

आणि टेकडीच्या वर, 18 नंबरच्या जवळ, रिसेलचं काउंटर आहे. मोठ्या कोर्टांवरचे लोक लवकर निघाले की त्यांची तिकिटं पुन्हा विकली जातात: सेंटरसाठी 15 पाउंड, बाकी मोठ्या कोर्टांसाठी 10, आणि पैसे धर्मादाय कामाला. यासाठी अ‍ॅपमध्ये आभासी रांग लावायची असते, ती मैदानाच्या आत असतानाच लावता येते. दुपारी लवकर नाव घाला आणि विसरून सामने बघत बसा. मला साडेसहाला बोलावणं आलं. सेंटर कोर्टचा तिसरा सामना, दुसरा सेट चालू होता, 15 पाउंडांत. रात्रभर तंबूत झोपून जे हुकलं होतं ते टेकडीवरून मिळालं.

पाऊस

सेंटर कोर्टला 2009 मध्ये आणि नंबर वनला 2019 मध्ये सरकतं छत बसलं. बाकी सगळीकडे थेंब पडला की गवतावर आच्छादन. ग्राउंड्स पासवाल्याचा दिवस असा वाया जाऊ शकतो. एक तासाहून कमी खेळ झाला तर पूर्ण पैसे आणि दोन तासांहून कमी झाला तर निम्मे परत, असा नियम आहे; पैसे मूळ खरेदीदारालाच मिळतात. पण पैसे परत मिळाले तरी दिवस परत मिळत नाही, म्हणून वर म्हटलं ते दोन मोकळे दिवस.

दोन तास थांबा, निघून जाऊ नका. पाऊस उघडला की अर्धी गर्दी पांगलेली असते आणि बाहेरच्या कोर्टांवर पहिल्या ओळीत जागा मिळते.

परतताना शेवटचा पॉइंट संपायची वाट बघितलीत तर साउथफील्ड्सच्या रस्त्यावर सगळे एकदम निघालेले असतात आणि स्टेशनबाहेरही रांग लागते. मी पहिल्या दिवशी तसाच निघालो आणि स्टेशनच्या दारात आठवलं की तंबू लेफ्ट लगेजमध्येच राहिलाय.